विश्लेषण : सूर सगळ्यांनी ऐकला, नाव कुणी वाचले नाही! सॅक्सोफोनवादक किंग कर्टिसला स्वतःच्या तबकड्या का काढाव्या लागल्या?

मोबाइलवर कुणी घसरून पडल्याचा किंवा कुत्रा मालकामागे धावल्याचा व्हिडीओ आला, की त्यामागे बऱ्याचदा एक सॅक्सोफोन भरधाव वाजत असतो. बेनी हिल या ब्रिटिश विनोदवीराच्या कार्यक्रमामुळे ही धून जगभर पोहोचली. तिचे नाव ‘याकेटी सॅक्स’ आणि ती बूट्स रँडॉल्फ या अमेरिकी वादकाची. पण रँडॉल्फला ती सुचली १९५८ सालच्या दुसऱ्याच एका गाण्यातल्या सॅक्सोफोनवरून. त्या गाण्याच्या तबकडीवर गायकांचे नाव होते, गीत-संगीतकारांचे होते, कंपनीचे तर होतेच. सॅक्सोफोन वाजवणाऱ्याचे मात्र नव्हते. तो होता कर्टिस औस्ली, म्हणजेच किंग कर्टिस. दुसऱ्यांची गाणी सजवणारा हा माणूस आधी बँडचा म्होरक्या झाला आणि मग स्वतःच्या नावावर तबकड्या काढणारा कलाकार झाला. अवघ्या ३७ वर्षांच्या आयुष्यात त्याने हे कसे साधले, आणि ते करताना काय गमावले, काय मिळवले?

किंग कर्टिस मूळचा कुठला?

टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ शहराचा. जन्म ७ फेब्रुवारी १९३४. औस्ली दाम्पत्याने त्याला आणि त्याच्या बहिणीला दत्तक घेतले होते. बाराव्या वर्षी त्याच्या हातात सॅक्सोफोन आला. वर्णभेदाच्या त्या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी शहरात आय. एम. टेरेल हायस्कूल होते. या एकाच शाळेतून ऑर्नेट कोलमन, ड्युई रेडमन, ज्युलियस हेम्फिल असे एकाहून एक सॅक्सोफोनवादक बाहेर पडले. कोलमनने पुढे जॅझचे व्याकरणच उलटेपालटे केले. कर्टिसची वाट निराळी होती. त्याला समोरच्या माणसाचे पाय हलायला हवे होते.

टेक्सासच्या टेनर सॅक्सोफोनची स्वतःची एक ढब आहे. स्वर रुंद, थोडा खरखरीत, एखाद्या दणकट आवाजाच्या माणसाने अंगणातून हाक मारावी तसा. कर्टिसने ती ढब उचलली. महाविद्यालयीन शिष्यवृत्तीची संधी चालून आली होती, पण ती सोडून तो लायोनेल हॅम्प्टनच्या ऑर्केस्ट्रात गेला. १९५२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने न्यूयॉर्क गाठले.

सेशन वादक म्हणजे काय आणि त्याला काय मिळायचे?

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा गाणी कारखान्यासारखी तयार होत. एका इमारतीत गीतकार, दुसऱ्या इमारतीत कंपनीचे कार्यालय, तिसरीकडे स्टुडिओ. गायकाला बँड घेऊन यायची गरज नसे. कंपनीचा माणूस फोन करून वादक बोलावी. ते येत, कागद बघत, तीन तासांत दोन-चार गाणी वाजवून पुढच्या स्टुडिओकडे निघत. हे सेशन वादक. त्यांना वादकांच्या संघटनेने ठरवलेल्या दराने त्या सत्राचे पैसे मिळत. गाणे पडले तरी तेवढेच, दहा लाख प्रती खपल्या तरी तेवढेच. तबकडीच्या विक्रीतला वाटा गायकाचा आणि गीत-संगीतकाराचा. वादकाने एखादी अशी जागा घेतली, की त्या जागेसाठीच लोक गाणे विकत घेऊ लागले, तरी त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नसे. वादकांची नावे छापण्याची पद्धतही नव्हती.

तरीही हे काम वाईट नव्हते. उलट, क्लबात रात्र रात्र घाम गाळण्यापेक्षा त्यात पैसा नियमित होता. कर्टिसला ते फार लवकर जमले, कारण तो वेळेवर येई, कागद वाचता येई आणि मुख्य म्हणजे गाण्यात आपण किती बोलायचे हे त्याला कळे. गायक दम घेतो तेवढ्या फटीत तो दोन सूर टाकून बाजूला होई.

१९५८ मध्ये जेरी लीबर आणि माइक स्टोलर या जोडीने कोस्टर्स या गटासाठी ‘याकेटी याक’ हे गाणे केले. आई-वडील पोराला कामे सांगतात आणि पोरगे कुरकुरते, एवढाच विषय. मधल्या जागेत कर्टिसने सॅक्सोफोनवर तोडून तोडून, तोतरे बोलल्यासारखे, कोंबडीने अंगणात टोचे मारावेत तसे सूर वाजवले. सॅक्सोफोन विनोद करू शकतो हे त्या काही सेकंदांत सिद्ध झाले. गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढच्या वर्षी ‘चार्ली ब्राउन’मध्ये तोच सॅक्सोफोन पुन्हा. मग प्रत्येक निर्मात्याला तसलाच सॅक्सोफोन हवा झाला, आणि नक्कल करणाऱ्यांची रांग लागली.

त्याच वर्षी बडी हॉली या रॉक अँड रोल गायकाने त्याला न्यूयॉर्कहून थेट न्यू मेक्सिकोतील क्लोव्हिस गावी बोलावून घेतले. तिथे ध्वनिमुद्रित झालेल्या ‘रेमिनिसिंग’ या गाण्यावर गीतकार म्हणून कर्टिसचे नाव लागले. म्हणजे वाजवण्याबद्दल नव्हे, पण निदान लिहिण्याबद्दल तरी कागदावर नोंद झाली. पाच महिन्यांतच हॉली विमान अपघातात गेला आणि ते गाणे १९६२ मध्ये, त्याच्या पश्चात प्रसिद्ध झाले.

मग बँड कशासाठी काढला?

सेशनच्या धबडग्यातही कर्टिसचा बँड चालू होताच. बँड म्हणजे रात्रीची कमाई, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्वतः निर्णय घेण्याची जागा. कुठले गाणे, कुठला वेग, कुणाला किती वाजवू द्यायचे हे इथे तो ठरवू शकत होता.

१९६० मध्ये त्याने प्रेस्टीज कंपनीसाठी जॅझ तबकड्याही केल्या. ‘द न्यू सीन ऑफ किंग कर्टिस’मध्ये त्याच्यासोबत पियानोवर विंटन केली आणि बासवर पॉल चेंबर्स होते. हे दोघेही त्या काळी माइल्स डेव्हिसकडे वाजवत. ज्यांना कर्टिस म्हणजे फक्त कोंबडीचा सॅक्सोफोन वाटतो, त्यांनी ही तबकडी जरूर ऐकावी. तो शुद्ध जॅझवाला म्हणूनही उभा राहू शकला असता. पण जॅझच्या तबकड्या खपत त्या मोजक्या, आणि कर्टिसला मोजक्यांसाठी वाजवायचे नव्हते. याच सुमारास त्याने एका तबकडीवर ब्लूज गाऊनही पाहिले. गळा वाईट नव्हता, पण त्याचा खरा गळा पितळी होता.

यश आले ते १९६२ मध्ये, हार्लेममधून. बॉबी रॉबिन्सन हा तिथल्या १२५व्या रस्त्यावरचा तबकड्यांचा दुकानदार. गिऱ्हाईक काय मागते हे रोज पाहून तो स्वतःच निर्माता झाला होता. त्याने ‘एन्जॉय’ नावाची नवी कंपनी काढली आणि तिची पहिली तबकडी म्हणून कर्टिसची ‘सोल ट्विस्ट’ बाजारात आणली. तबकडीवर नाव होते किंग कर्टिस आणि नोबल नाइट्स. शब्द नाहीत, गायक नाही, नुसती नाचायची धून. ती कृष्णवर्णीयांच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिली आली, आणि एकूण अमेरिकी यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत गेली. सॅम कुकने त्याच वर्षीच्या आपल्या ‘हॅविंग अ पार्टी’ या गाण्यात पार्टीत हव्या असलेल्या गाण्यांमध्ये ‘सोल ट्विस्ट’चे नाव गुंफले. आतापर्यंत दुसऱ्यांच्या गाण्यात याचा सूर असे, आता दुसऱ्याच्या गाण्यात याच्या तबकडीचे नाव आले.

कुकबरोबरचे एक ध्वनिमुद्रण मात्र वेगळे काढून सांगायला हवे. १२ जानेवारी १९६३, मायामीचा हार्लेम स्क्वेअर क्लब. गोऱ्या श्रोत्यांपुढे गुळगुळीत गाणारा कुक इथे आपल्या लोकांपुढे घसा फाडून गातो, आणि कर्टिसचा सॅक्सोफोन त्याला एकेक पायरी वर ढकलतो. आरसीए कंपनीला हे फार राकट वाटले. कुकची सभ्य प्रतिमा बिघडेल म्हणून टेप कपाटात गेली, ती तब्बल २२ वर्षांनी, १९८५ मध्ये बाहेर आली. तोवर दोघेही हयात नव्हते. गायकाला वाद्याने साथ कशी करावी, याचा याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही.

बँडच्या नावातून ‘किंग कर्टिस’ वेगळा कसा झाला?

‘सोल ट्विस्ट’नंतर मोठ्या कॅपिटॉल कंपनीने त्याला घेतले. आता नाचाच्या बँडचा म्होरक्या एवढीच ओळख पुरणार नव्हती. ट्विस्टची लाट ओसरत होती, आणि नाचाच्या फॅशनवर उभा राहिलेला बँड फॅशनबरोबरच विरतो. बँडमधली माणसेही येत-जात असतात. टिकायचे तर श्रोत्याला सॅक्सोफोनचा स्वर ऐकताच माणूस ओळखता आला पाहिजे, जसा गायक ओळखता येतो.

याचे उत्तर होते १९६४ ची ‘सोल सेरेनेड’. ल्यूथर डिक्सनसोबत रचलेली ही धून संथ आहे. तोतरेपणा नाही, कोलांटउड्या नाहीत. एक साधी ओळ, तीच पुन्हा, थोडी अधिक आर्जवाने. सोल संगीत म्हणजे चर्चमधल्या गॉस्पेल गायनाची उत्कटता आणि ब्लूजमधले ऐहिक दुःख यांचा संगम. त्याचा जीव गायकाच्या गळ्यात असतो. कर्टिसने शब्दांशिवाय ते साधले. यादीत ही धून ५१व्या क्रमांकावरच थांबली, म्हणजे हिशेबाने ‘सोल ट्विस्ट’पेक्षा कितीतरी मागे. पण टिकली हीच. विली मिचेलने १९६८ मध्ये ती वाजवून मोठे यश मिळवले, आणि त्याआधीच अरीथा फ्रँकलिनने ती शब्दांसह गायलीही होती.

वाट सोपी नव्हती. १९५० च्या दशकात गाण्याच्या मधली जागा सॅक्सोफोनची असे. १९६० च्या मध्यावर ती इलेक्ट्रिक गिटारने बळकावली. कर्टिसने हा बदल फार जवळून पाहिला. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सचा गाजलेला कार्यक्रम झाला. सुमारे ५५ हजार प्रेक्षक. बीटल्सच्या आधी मंचावर येणाऱ्यांत कर्टिसचा बँड होता. पोरी किंचाळत होत्या, पण त्याच्यासाठी नव्हे. पुढच्या वर्षी त्याच्या बँडमध्ये काही काळ एक डावखुरा गिटारवादक होता, जिमी हेंड्रिक्स. हाही वर्षभरात इंग्लंडला जाऊन जगप्रसिद्ध झाला.

अशा वेळी कंपन्यांचा सल्ला एकच असे, गाजलेली गाणी सॅक्सोफोनवर वाजव. कर्टिसने तशा तबकड्या भरपूर केल्या. कुकच्या मृत्यूनंतर त्याची गाणी, मेम्फिसची गाजलेली गाणी, अमुकची, तमुकची. स्पष्टच सांगायचे तर त्याच्या एकल कारकिर्दीचा हा सर्वांत फिका भाग आहे. वाजवणे निर्दोष, पण कशासाठी वाजवले ते कळत नाही.

अटलांटिक कंपनीत काय बदलले?

१९६५ मध्ये तो अटलांटिकच्या ‘अ‍ॅटको’ या शाखेकडे आला. कोस्टर्सच्या दिवसांपासून या कंपनीशी त्याचे घरोब्याचे संबंध. इथे त्याला एकाच वेळी तीन कामे मिळाली : स्वतःच्या तबकड्या, दुसऱ्यांसाठी वादन आणि हळूहळू निर्मिती.

१९६७ च्या फेब्रुवारीत अरीथा फ्रँकलिन न्यूयॉर्कच्या स्टुडिओत ‘रिस्पेक्ट’ गाण्यासाठी आली. मूळ गाणे ओटिस रेडिंगचे, आणि त्यात मधला भाग नव्हता. तो भरायचा कसा? सॅम आणि डेव्ह यांच्या एका गाण्यातल्या स्वरसंगती उचलून तिथे बसवल्या आणि त्यावर कर्टिसला वाजवायला सांगितले. गाणे अचानक दुसऱ्याच खोलीत शिरल्यासारखे होते, सॅक्सोफोन येतो, आणि काही क्षणांत अरीथा परत ताबा घेते. नागरी हक्कांच्या आणि स्त्रियांच्या लढ्याचे गीत बनलेल्या या गाण्यात कर्टिसचा वाटा इतकाच. पण तो काढून गाणे ऐकता येत नाही. त्याच अल्बममधल्या ‘सेव्ह मी’ या गाण्याच्या लेखनात अरीथा आणि तिची बहीण कॅरोलिन यांच्या जोडीने त्याचेही नाव आहे.

त्याच वर्षी त्याने ‘मेम्फिस सोल स्ट्यू’ केले. कल्पना स्वयंपाकाची. कर्टिस आचारी होऊन मोजमापाने एकेक जिन्नस मागतो, आणि तो तो वादक दाखल होतो. आधी बास, मग ड्रम, मग गिटार, मग ऑर्गन. सगळे शिजू लागले की शेवटी स्वतःचा सॅक्सोफोन. गंमत म्हणून ऐकायला ठीक, पण विचार केला तर यात वेगळेच काही आहे. आयुष्यभर ज्यांची नावे घेतली जात नाहीत त्या वाद्यांची इथे तो मोठ्याने, एकेक करून ओळख करून देतो. हे ध्वनिमुद्रण त्याच्या न्यूयॉर्कच्या बँडने वाजवलेले नाही. त्यासाठी तो मेम्फिसच्या अमेरिकन स्टुडिओत गेला आणि तिथल्या घरच्या वादकांना घेतले. बँडचा म्होरक्या आणि एकल कलाकार यांतला फरक इथे दिसतो. पहिल्याला आपला बँड सोबत वागवावा लागतो. दुसरा हवा तो आवाज जिथे आहे तिथे जातो. अमेरिकी यादीत ही धून ३३वी, तर रिदम अँड ब्लूज यादीत सहावी आली.

१९६९ मध्ये जो साउथच्या ‘गेम्स पीपल प्ले’ या गाण्याचे वादन त्याने केले. सोबत गिटारवर होता दाक्षिणात्य गोरा तरुण डुएन ऑलमन. त्याबद्दल कर्टिसला रिदम अँड ब्लूज वाद्यवादनाचे ग्रॅमी मिळाले. वर दुसऱ्यांच्या गाण्यांबद्दल जे म्हटले त्याला हा सणसणीत अपवाद. ब्लूज गिटारवादक फ्रेडी किंगच्या तबकडीची निर्मितीही त्याने याच काळात केली.

तरीही बँड का ठेवला?

कारण मंचावर त्याला पर्याय नव्हता. किंगपिन्स हे त्या बँडचे नाव. गिटारवर कॉर्नेल डुप्री, तोही फोर्ट वर्थचाच. बासवर जेरी जेमॉट, ड्रमवर बर्नार्ड पर्डी. हे तिघेही स्टुडिओतले मुरलेले गडी. स्वतः नाव कमावल्यावर कर्टिसने अरीथाच्या कार्यक्रमांचे संगीत संचालनही हाती घेतले होते.

५, ६ आणि ७ मार्च १९७१. सॅन फ्रान्सिस्कोचे फिलमोर वेस्ट हे हिप्पी श्रोत्यांचे सभागृह. तिथे सोल गायिकेचे काय होणार, अशी शंका खुद्द अरीथाच्या गोटात होती. किंगपिन्सबरोबर ऑर्गनवर बिली प्रेस्टन आणि जोडीला मेम्फिस हॉर्न्सचा ताफा. आधी कर्टिसचा कार्यक्रम, मग अरीथाचा. शेवटच्या रात्री अरीथाने प्रेक्षकांतून रे चार्ल्सला मंचावर ओढून आणले. अरीथाचा त्या कार्यक्रमाचा अल्बम गाजलाच, पण कर्टिसच्या भागाचा स्वतंत्र अल्बम निघाला तो त्याच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम ठरला. त्याची सुरुवात ‘मेम्फिस सोल स्ट्यू’ने होते. एकेक वादक दाखल होतो आणि या वेळी ते त्याचे स्वतःचे वादक आहेत. याच अल्बममधले ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’चे वादन ‘विदनेल अँड आय’ या १९८७ च्या ब्रिटिश चित्रपटाच्या सुरुवातीला वापरले आहे. एका इंग्लिश रॉक गाण्यातला चर्चसारखा गंभीरपणा त्याने खऱ्याखुऱ्या चर्चमध्ये नेऊन सोडला आहे.

जूनमध्ये तो स्वित्झर्लंडच्या माँत्रू महोत्सवात वाजवून आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जॉन लेननने त्याला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बोलावले. ‘इमॅजिन’ अल्बममधील दोन गाण्यांत जो सॅक्सोफोन ऐकू येतो तो कर्टिसचा. शे स्टेडियमवर ज्याच्या आधी मंचावर यावे लागले, त्यानेच सहा वर्षांनी बोलावणे पाठवले.

१३ ऑगस्ट १९७१ ला काय घडले?

न्यूयॉर्कमध्ये उकाडा होता. पश्चिमेकडच्या ८६व्या रस्त्यावरील आपल्या मालकीच्या इमारतीत वातानुकूलन यंत्र नेत असताना पायऱ्यांजवळ थांबलेल्यांशी कर्टिसची बाचाबाची झाली. वेळ मध्यरात्रीच्या आसपासची. त्यातल्या एकाने चाकू खुपसला. कर्टिसने तोच चाकू हिसकावून हल्लेखोरालाही जखमी केले. पण रूझवेल्ट रुग्णालयात कर्टिसचा मृत्यू झाला. हल्लेखोराला पुढे सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली.

अंत्यसंस्काराच्या दिवशी अटलांटिकने आपली कार्यालये बंद ठेवली. जेसी जॅक्सन यांनी प्रार्थना चालवली, अरीथा आणि स्टीव्ही वंडर गायले, किंगपिन्सनी ‘सोल सेरेनेड’ वाजवली. दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा २६ ऑगस्टला न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओतून ऑलमन ब्रदर्स बँडचा कार्यक्रम रेडिओवर प्रसारित झाला. चालू गाण्याच्या मध्येच डुएन ऑलमनने गिटारवर ‘सोल सेरेनेड’ सुरू केली. दोन महिन्यांनी, ऑक्टोबरअखेरीस, मोटारसायकल अपघातात डुएनही गेला.

मृत्यूनंतर त्याला काय मिळाले?

फिलमोरचा अल्बम ऑगस्टमध्येच दुकानांत आला. सप्टेंबरमध्ये ‘इमॅजिन’ आले. ऑक्टोबरमध्ये ‘सोल ट्रेन’ हा कृष्णवर्णीय संगीताचा दूरचित्रवाणी कार्यक्रम अमेरिकाभर दिसू लागला. त्याची सुरुवातीची शीर्षकधून होती ‘हॉट पोटॅटोज’. कर्टिसच्याच बँडने ती १९६२ मध्ये वाजवली होती, पण तबकडीवर नाव छापले होते ‘रिंकीडिंक्स’. देशभरातली मुले दर आठवड्याला त्यावर नाचत होती.

सन २००० मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने साथीदार वादकांसाठी नवा विभाग सुरू केला. पहिल्या पाच मानकऱ्यांत ड्रमवादक हॅल ब्लेन आणि अर्ल पामर, बासवादक जेम्स जेमर्सन, गिटारवादक स्कॉटी मूर आणि किंग कर्टिस होते. पहिल्या क्रमांकाची तबकडी, ग्रॅमी आणि फिलमोरचा अल्बम स्वतःच्या नावावर असलेल्या माणसाची नोंद तिथे तेव्हा साथीदारांच्या रकान्यातच झाली.